रंग बिघडले म्हणून रिसेट मारायच्या आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: फोटोशॉपमध्ये रंग अचानक फिके आणि जरा पिवळट दिसायला लागलेत, तीच फाइल इलस्ट्रेटरमध्ये नेली की भलतीच दिसते, मधे कधीतरी कलर सेटिंग्जमध्ये हात लागलाय पण नक्की काय बदललं ते आठवत नाही, तर सगळं मूळ डिफॉल्टला कसं न्यायचं.

आधीच सांगतो, सगळं एका फटक्यात रिसेट करणारं बटण नाहीये, आणि जे लोक प्रेफरन्सेस उडवा म्हणजे होईल असं सांगतात ते तुमचे शॉर्टकट आणि वर्कस्पेस घालवतात, रंग मात्र बरेचदा तसेच राहतात. कारण रंगाचं सेटिंग चार वेगवेगळ्या ठिकाणी बसलेलं असतं. एक मॉनिटरच्या प्रोफाइलमध्ये (प्रोफाइल म्हणजे रंगाच्या आकड्याचा नेमका रंग कुठला ते सांगणारी छोटी फाइल), म्हणजे विंडोज किंवा मॅककडे. दुसरं ॲपच्या कलर सेटिंग्जमध्ये. तिसरं प्रत्येक फाइलच्या आत, तिला चिकटलेल्या प्रोफाइलमध्ये. आणि चौथं म्हणजे पॅनेल, स्वॅच (साठवलेल्या रंगांचे चौकोन), ब्रश वगैरे वरवरचं. बिघाड तिसऱ्या जागी असताना तुम्ही दुसऱ्या जागी रिसेट मारत बसलात तर दिवसभर मारा, काही हलणार नाही. म्हणून आधी जागा शोधायची, मग हात लावायचा.

जागा शोधायला सगळ्यात सोपं म्हणजे फोटोशॉपचा टॅब नीट वाचा. फाइलच्या नावापुढे कंसात आरजीबी (स्क्रीनचा लाल-हिरवा-निळा मोड), तिरकी रेघ आणि ८ असं काहीतरी लिहिलेलं असतं ते सगळ्यांनी बघितलेलं असतं पण वाचत कोणी नाही. त्या ८ ला चिकटून फुली असेल तर या फाइलचं प्रोफाइल तुमच्या ॲपच्या वर्किंग स्पेसपेक्षा (ॲप स्वतः धरून चालतं त्या प्रोफाइलपेक्षा) वेगळं आहे. हॅशचं चिन्ह असेल तर फाइलला प्रोफाइलच नाही. काहीच नसेल तर दोन्ही सारखंच. (कंसाच्या बाहेर शेवटी जी फुली येते ती फक्त फाइल सेव्ह केलेली नाही एवढंच सांगते, तिचा रंगाशी संबंध नाही, त्यात गल्लत करू नका.) आणि ८ च्या पुढे अजून एक तिरकी रेघ येऊन सीएमवायके (छपाईच्या चार शाया: सी निळसर, एम मॅजेंटा, वाय पिवळी, के काळी) किंवा कुठल्यातरी प्रोफाइलचं नाव दिसत असेल तर समजा तुमचं सॉफ्ट प्रूफिंग चालू राहिलंय, म्हणजे फाइल आरजीबीच आहे पण फोटोशॉप तुम्हाला ती छापल्यावर कशी दिसेल ते दाखवतंय, म्हणून फिकी.

हे सॉफ्ट प्रूफचं प्रकरण इतक्या वेळा निघतं की मी रंग फिके झाले असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न हाच विचारतो, कंट्रोल वाय दाबलं होतं का. बाकी बहुतेक प्रोग्राममध्ये कंट्रोल वाय म्हणजे रिडू, हाताला तीच सवय, आणि फोटोशॉपमध्ये त्याच शॉर्टकटवर प्रूफ कलर्स बसवलेलं आहे, तेव्हा माणूस रिडू करायला जातो आणि रंग मरतात आणि त्याला वाटतं सेटिंग बिघडलं. परत कंट्रोल वाय दाबा, झालं. मॅकवर कमांड वाय. त्याच्याच शेजारी कंट्रोल शिफ्ट वाय आहे, गॅमट वॉर्निंग (छापता न येणारे रंग दाखवणारी), त्यात चित्रावर राखाडी डाग पडल्यासारखे दिसतात, तेही फक्त दाखवण्यापुरतं असतं, फाइलला काही होत नाही. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल वाय दाबलं तर सगळे रंगच गायब होऊन नुसत्या रेघा दिसतात, ती आउटलाइन व्ह्यू आहे, तिथे मात्र लोक लगेच ओळखतात.

आता पिवळटपणाकडे येऊ. फोटोशॉपमध्ये नवीन कोरी फाइल घ्या, पांढरी. ती पांढरी दिसते की क्रीमसारखी? आणि तोच पांढरा ब्राउझरमध्ये किंवा नोटपॅडमध्ये स्वच्छ पांढरा दिसतो का? फोटोशॉपमध्ये पिवळा आणि बाकी सगळीकडे पांढरा, तर ते फोटोशॉपचं सेटिंग नाहीच, मॉनिटरचं प्रोफाइल खराब आहे. फोटोशॉप मॉनिटरचं प्रोफाइल वाचून त्याप्रमाणे रंग वळवून दाखवतं, विंडोजचे बरेच साधे प्रोग्राम ते वाचतच नाहीत, म्हणून खराब प्रोफाइलचा फटका नेमका फोटोशॉपलाच बसतो आणि शिव्याही त्यालाच पडतात. हे प्रोफाइल बहुतेक वेळा मॉनिटरच्या ड्रायव्हरबरोबर किंवा सिस्टिम अपडेटबरोबर गुपचूप येऊन बसतं, तुम्ही काही केलेलं नसतं. कधीकधी फोटोशॉप सुरू होताना मॉनिटर प्रोफाइल डिफेक्टिव्ह आहे असा मेसेजही देतं आणि आपण तो घाईत बंद करून टाकतो.

कुठलं प्रोफाइल लागलंय ते फोटोशॉपमधूनच कळतं. एडिट मेनूतून कलर सेटिंग्ज उघडा (कंट्रोल शिफ्ट के), वर्किंग स्पेसमधल्या आरजीबीच्या यादीत मॉनिटर आरजीबी असं लिहून पुढे प्रोफाइलचं नाव दिसेल. फक्त वाचायचं, निवडायचं नाही, हे परत सांगतो, निवडायचं नाही. मग विंडोजच्या स्टार्टमध्ये कलर मॅनेजमेंट असं शोधा, डिव्हाइसेसच्या टॅबमध्ये तुमचा मॉनिटर निवडा, या डिव्हाइससाठी माझी सेटिंग्ज वापरा अशा अर्थाची टिक असते ती करा, ॲड करून एसआरजीबीचं (वेब आणि साध्या मॉनिटरचं नेहमीचं) प्रोफाइल घ्या आणि ते डिफॉल्ट करा, फोटोशॉप बंद करून परत चालू करा. पांढरा पांढरा झाला तर चोर सापडला. त्याच खिडकीत खाली प्रोफाइल्सचं बटण आहे, त्यातून सगळं परत सिस्टिम डिफॉल्टला नेता येतं, म्हणून घाबरायचं कारण नाही. मॅकवर हेच सिस्टिम सेटिंग्जमध्ये डिस्प्लेजखाली कलर प्रोफाइलच्या यादीत.

एक लक्षात ठेवा, मॉनिटरला एसआरजीबी लावणं ही टेस्ट आहे, इलाज नाही. मॉनिटर वाइड गॅमटचा (साध्यापेक्षा जास्त भडक रंग दाखवणारा) असेल तर असं केल्यावर सगळे रंग उलट भडक दिसायला लागतील. खरा इलाज म्हणजे कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र) लावून त्या मॉनिटरचं स्वतःचं प्रोफाइल बनवणं, साधारण ६५०० केल्व्हिन, गॅमा २.२ आणि ब्राइटनेस १२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास. आणि हे सगळं करायच्या आधी नाइट लाइट, नाइट शिफ्ट, ट्रू टोन, मॉनिटरच्या स्वतःच्या बटणातला व्हिव्हिड किंवा गेम मोड, विंडोजचा एचडीआर, हे बंद आहेत ना बघा. लॅपटॉपच्या कंपनीने टाकलेले रंग सुधारणारे ॲप असतात तेही. रात्री काम करणाऱ्यांचा पिवळटपणा निम्म्या वेळा नाइट लाइटचाच निघतो.

मॉनिटर ठीक निघाला तर मग फाइल. इथे दोन कमांडचा घोळ सगळ्यात जास्त आहे, असाइन प्रोफाइल आणि कन्व्हर्ट टू प्रोफाइल, दोन्ही एडिट मेनूत एकाखाली एक. फरक शब्दात सांगितला की डोक्यावरून जातो म्हणून करून बघा. एसआरजीबीची नवी फाइल घ्या, त्यात २५५, ०, ० असा लाल भरा, विंडोमधून इन्फो पॅनेल उघडा आणि कर्सर त्या लालवर ठेवा. आता असाइन प्रोफाइलमधून ॲडोबी आरजीबी (एसआरजीबीपेक्षा जास्त रंग मावणारं प्रोफाइल) द्या. इन्फोमध्ये आकडा २५५, ०, ० च राहील, पण लाल जास्त भडक होईल (मॉनिटर साधा असेल तर तेवढं जाणवणार नाही, मग फोटोवर करून बघा). अनडू करा. आता कन्व्हर्टमधून तेच ॲडोबी आरजीबी द्या. लाल दिसायला तसाच राहील पण आकडा २१९, ०, ० होईल. म्हणजे असाइन आकडे ठेवतं आणि रंग बदलतं, कन्व्हर्ट रंग ठेवतं आणि आकडे बदलतं. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की पुढचं सगळं आपोआप सुटतं, कुठल्या फाइलला काय करायचं ते विचारावं लागत नाही.

कारण आकडा स्वतः काहीच सांगत नाही, २५५ लाल म्हणजे कुठल्या मापाचा २५५ ते प्रोफाइल सांगतं. याच्यासाठीच १९९३ मध्ये ८ कंपन्यांनी मिळून आयसीसी (रंगांच्या प्रोफाइलचे नियम ठरवणारी संस्था) स्थापन केली, आणि एसआरजीबी १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलं, १९९९ मध्ये त्याचं आयईसी (आंतरराष्ट्रीय मानक संस्था) स्टँडर्ड झालं, म्हणून यादीत त्याच्या नावापुढे तो आयईसी ६१९६६-२.१ वगैरे लांबलचक आकडा असतो. तो आकडा असलेलंच एसआरजीबी निवडायचं एवढं पुरे.

मग तुमची फाइल फिकी का? टॅबवर हॅश असेल, म्हणजे प्रोफाइल नाही, तर बहुतेक कोणीतरी ॲडोबी आरजीबीत काम करून प्रोफाइल न जोडता एक्सपोर्ट केलीय आणि आता ती एसआरजीबी समजून उघडतेय, हिरवे आणि निळसर हिरवे मरगळलेले दिसतात ही त्याची खूण. अशा फाइलला असाइन करायचं, कन्व्हर्ट नाही. आधी एसआरजीबी देऊन बघा, मग ॲडोबी आरजीबी, फोनवरून आलेला फोटो असेल तर डिस्प्ले पी३, प्रीव्ह्यू चालू ठेवून माणसाच्या चेहऱ्याकडे आणि झाडांकडे बघा, योग्य ते प्रोफाइल लागलं की कळतं. मग ते लावून झाल्यावर वेबसाठी पाहिजे असेल तर एसआरजीबीला कन्व्हर्ट करा. एक्सपोर्ट ॲजमध्ये कन्व्हर्ट टू एसआरजीबी आणि एम्बेड कलर प्रोफाइल या दोन टिक असतात, दोन्ही ठेवा. प्रोफाइल जोडल्याने फाइल दोन-चार केबीने मोठी होते म्हणून काढून टाकणारे लोक आहेत, त्यांनी वाचवलेल्या केबीचं पुढे काय करतात देव जाणे.

आता ॲपच्या कलर सेटिंग्ज, ज्यासाठी तुम्ही मुळात विचारलंत. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, इथलं वर्किंग स्पेस बदललं तरी प्रोफाइल जोडलेली फाइल तशीच दिसते, तिला ते लागूच होत नाही. ते लागू होतं नव्या फाइलला, प्रोफाइल नसलेल्या फाइलला, आणि इमेजच्या मोड मेनूतून तुम्ही आरजीबीचं सीएमवायके करता तेव्हा. म्हणून इथे रिसेट करूनही जुन्या फाइलमध्ये काही बदल दिसला नाही तर रिसेट झालं नाही असं समजू नका.

रिसेट करायचं म्हणजे वर सेटिंग्जची यादी आहे त्यातून प्रीसेट निवडायचा. अमेरिकन इन्स्टॉलला नॉर्थ अमेरिका जनरल पर्पज २ हे डिफॉल्ट असतं, म्हणजे आरजीबीला एसआरजीबी, सीएमवायकेला यूएस वेब कोटेड स्वॉप व्ही२ (अमेरिकन छपाईचं प्रोफाइल), डॉट गेन (छापताना शाईचा ठिपका किती पसरतो ते) २० टक्के, पॉलिसी सगळीकडे प्रिझर्व्ह, म्हणजे फाइलला प्रोफाइल असेल तर ते तसंच ठेवायचं. युरोपचा जनरल पर्पज ३ घेतला तर सीएमवायकेला कोटेड फोग्रा३९ (युरोपातल्या छपाईचं प्रोफाइल) येतं. आणि नॉर्थ अमेरिका प्रीप्रेस २ घेतला तर आरजीबीच ॲडोबी आरजीबी होतं. नावात प्रीप्रेस (छपाईपूर्व काम) आहे म्हणजे भारी असणार असं समजून तो लावलेले लोक नंतर वेबसाइटवर रंग फिके येतात म्हणून शोधत फिरतात. यादीत मॉनिटर कलर असाही एक प्रीसेट आहे, तो घेऊ नका, त्याने तुमच्या फाइल तुमच्याच मॉनिटरच्या मापाने बनतात आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गेल्या की वेगळ्या.

पण डिफॉल्ट म्हणजे बरोबर असं नाही. डिफॉल्ट कोणीतरी सरासरी धरून ठरवलेलं असतं, तुमची प्रेस कुठल्या कागदावर कुठल्या मशीनवर छापते ते ॲडोबीला कुठून कळणार. स्वॉप व्ही२ मध्ये एकूण शाईची मर्यादा ३०० टक्के आहे, आणि त्यातून आरजीबीचा शुद्ध काळा कन्व्हर्ट केला की सी ७५, एम ६८, वाय ६७, के ९० येतं, बेरीज करा, बरोबर ३००. हा आकडा पाठ करून ठेवा. कुणाच्याही फाइलमध्ये काळ्यावर कर्सर ठेवला आणि ७५, ६८, ६७, ९० दिसलं की समजायचं की डिफॉल्ट सेटिंगवर डोळे झाकून कन्व्हर्ट केलंय. फोटोतल्या सावलीला ते चालेल, पण बारीक अक्षरांना हे चार शायांचं काळं लागलं तर छपाईची प्लेट केसभर जरी सरकली तरी अक्षराच्या कडेला रंगीत सावली येते.

म्हणून माझं सरळ म्हणणं असं की फॅक्टरी रिसेटच्या मागे लागू नका, स्वतःचं एक सेटिंग बनवा आणि रिसेट म्हणजे त्यावर परत येणं असं ठरवा. माझं असं असतं: आरजीबी एसआरजीबी. सीएमवायके म्हणजे ज्या प्रेसला काम जाणार तिने दिलेलं प्रोफाइल, त्यांनी काहीच सांगितलं नाही तर विचारायचं, आणि ते म्हणाले काहीही चालेल तर आरजीबी ठेवून त्यांच्याकडूनच कन्व्हर्ट करून घ्यायचं. पॉलिसी तिन्हीकडे प्रिझर्व्ह एम्बेडेड. खाली आस्क व्हेन ओपनिंग, आस्क व्हेन पेस्टिंग अशा टिक असतात त्या सगळ्या चालू. त्या चालू केल्या की फाइल उघडताना सारखे डायलॉग येतात आणि लोक वैतागून बंद करतात, पण फाइलमध्ये गडबड आहे हे तुम्हाला काम सुरू व्हायच्या आधी सांगणारं तेवढंच एक ठिकाण आहे. इंजिन ॲडोबी एसीई, इंटेंट रिलेटिव्ह कलरिमेट्रिक, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू, हे डिफॉल्टच असतं, छेडायचं कारण नाही.

मग सेव्ह दाबा आणि ओळखू येईल असं नाव द्या. ती फाइल यूजरच्या फोल्डरमध्ये ॲडोबीच्या कलर आणि त्याच्या आत सेटिंग्ज अशा सामाईक फोल्डरमध्ये जाते, म्हणून इलस्ट्रेटर आणि इनडिझाईनच्या यादीतही तेच नाव दिसतं. एक कॉपी बाहेर बॅकअपला टाका. नंतर ब्रिज (ॲडोबीचं फाइल बघायचं ॲप) उघडून त्याच्या एडिट मेनूतल्या कलर सेटिंग्जमधून तेच नाव निवडून अप्लाय केलं की सगळी ॲप एका रांगेत येतात. कलर सेटिंग्जच्या खिडकीत वरच सिंक्रोनाइज्ड किंवा अनसिंक्रोनाइज्ड असं लिहिलेलं असतं, तुमच्याकडे आत्ता बहुतेक अनसिंक्रोनाइज्ड असेल. ते बघा.

इलस्ट्रेटरमध्ये फाइल वेगळी दिसण्याचं दुसरं, आणि खरं तर जास्त वेळा निघणारं कारण म्हणजे डॉक्युमेंटचा कलर मोड. तिथल्या टॅबवर आरजीबी लिहिलंय की सीएमवायके ते वाचा. प्रिंटचा प्रीसेट घेऊन नवीन डॉक्युमेंट केलं की ते सीएमवायके असतं, त्यात आरजीबीचा झगझगीत निळा पेस्ट केला की तो जांभळट होणारच, ०, ०, २५५ चं स्वॉपमध्ये सी ८८, एम ७७ होतं, एवढा मॅजेंटा घातल्यावर अजून काय होणार. फाइल मेनूतल्या डॉक्युमेंट कलर मोडमधून परत आरजीबी केलं तरी गेलेला निळा परत येत नाही, अनडूच करायला लागतं किंवा मूळ फाइलमधून परत आणायला लागतं. आणि प्रेफरन्सेसमध्ये अपिअरन्स ऑफ ब्लॅक नावाचा भाग आहे, त्यात सगळे काळे अचूक दाखवा असं ठेवा, नाहीतर नुसता १०० के आणि चार शायांचा काळा स्क्रीनवर दोन्ही सारखेच कुळकुळीत दिसतात आणि फरक छापून आल्यावर कळतो.

इनडिझाईन आणि इलस्ट्रेटरमध्ये सीएमवायकेच्या पॉलिसीत प्रिझर्व्ह नंबर्स असा एक पर्याय असतो, तो तसाच राहू द्या, त्याच्यामुळेच १०० के चं टेक्स्ट १०० के राहतं, प्रोफाइल बदललं म्हणून चार शायांत फुटत नाही. इनडिझाईनच्या स्वॅचमध्ये रजिस्ट्रेशन नावाचा जो काळा दिसतो तो चारही शाया १००-१०० टक्के आहे, कापायच्या खुणांसाठी, टेक्स्टला लावायचा नाही. तो आणि ब्लॅक, पेपर, नन हे काढून टाकता येत नाहीत, तेव्हा डिलीट का होत नाही म्हणून डोकं आपटू नका. बाकी नको ते स्वॅच उडवायचे आणि हवे ते कायमचे ठेवायचे असतील तर एकही डॉक्युमेंट उघडं नसताना बदल करा, मग प्रत्येक नवीन फाइलला तेच येतात.

आता वरवरचं, पटापट. फोटोशॉपमध्ये फोरग्राउंड बॅकग्राउंड परत काळा पांढरा करायला डी, अदलाबदल करायला एक्स. रंग निवडतोय लाल पण येतोय राखाडी, तर बघा लेयरऐवजी लेयरचा मास्क सिलेक्ट झालाय का, मास्कवर रंग नसतोच. (मास्कवर डी दाबलं तर उलटं होतं, पुढे पांढरा मागे काळा, त्यात बिघाड नाही.) मास्क नसेल तर इमेजच्या मोडमध्ये ग्रेस्केल किंवा इंडेक्स्ड झालंय का बघा. नुसते कलर पॅनेलचे स्लायडर ग्रे झाले असतील तर पॅनेलच्या कोपऱ्यातल्या मेनूतून आरजीबी किंवा एचएसबी निवडा, इलस्ट्रेटरमध्ये त्या रंगपट्टीवर शिफ्ट धरून क्लिक करत गेलात तरी मोड बदलत जातात. ब्रशचा रंग निवडल्यापेक्षा वेगळा येत असेल तर ब्रश सेटिंग्जमध्ये कलर डायनॅमिक्सची टिक राहिलेली असते किंवा मोड नॉर्मल नसतो, वरच्या पट्टीत टूलच्या चित्रावर राइट क्लिक करून रिसेट टूल द्या. स्वॅच पॅनेलमधले डिफॉल्ट स्वॅच त्याच पॅनेलच्या मेनूतून परत येतात, व्हर्जनप्रमाणे त्याचं नाव थोडं बदलतं. इलस्ट्रेटरमध्ये विंडोखाली स्वॅच लायब्ररीज, त्यात डिफॉल्ट स्वॅचेस.

पूर्ण प्रेफरन्सेस उडवायचेच असतील तर फोटोशॉप सुरू करताना लगेच कंट्रोल ऑल्ट शिफ्ट दाबून धरायचं (मॅकवर कमांड ऑप्शन शिफ्ट), सेटिंग्जची फाइल डिलीट करू का विचारेल. नव्या व्हर्जनमध्ये प्रेफरन्सेसच्या जनरलमध्ये बंद करताना रिसेट करा असं बटणही आहे, बोटांची कसरत नको असेल तर ते बरं. पण आधी कलर सेटिंग नावाने सेव्ह केलेलं असू द्या, ॲक्शन, ब्रश, स्वॅच पण एक्सपोर्ट करून ठेवा. आणि हा उपाय शेवटचा, फोटोशॉप क्रॅश होतंय, पॅनेल उघडतच नाहीत, असं असेल तेव्हाचा. नुसता रंग फिका म्हणून हे करणं म्हणजे बल्ब गेला म्हणून अख्ख्या घराचं वायरिंग उपटणं.

कोरलड्रॉवाल्यांसाठी: टूल्समध्ये कलर मॅनेजमेंट, त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, डिफॉल्ट सेटिंग्ज ही पुढच्या फाइलसाठी आणि डॉक्युमेंट सेटिंग्ज ही उघड्या फाइलसाठी, पहिलीत बदल करून उघड्या फाइलमध्ये फरक पडत नाही म्हणून लोक भांबावतात. एफ८ दाबून धरून कोरल सुरू केलं की वर्कस्पेस डिफॉल्टला जातो, पण फाइलमधले रंग त्याने बदलत नाहीत. कोरलची नेहमीची तक्रार वेगळीच असते, प्रत्येक नवीन चौकोन आपोआप रंगीत येतो. काहीही सिलेक्ट नसताना पॅलेटवर क्लिक झालं की कोरल विचारतं डॉक्युमेंट डिफॉल्ट बदलू का, आणि घाईत ओके दाबलं जातं. उपाय तोच उलटा करायचा, काही सिलेक्ट न करता पॅलेटच्या फुलीवर क्लिक करा, डिफॉल्ट बदलायला हो म्हणा, फिल गेला. आउटलाइनसाठी राइट क्लिक.

गिंपमध्ये प्रेफरन्सेसमध्येच रिसेटचं बटण आहे, आणि फाइलच्या प्रोफाइलसाठी इमेज मेनूत असाइन आणि कन्व्हर्ट तसंच. इंकस्केपमध्ये प्रेफरन्सेसच्या सिस्टिम भागात रिसेट प्रेफरन्सेस मिळेल, आणि नवीन आकार नको त्या रंगात येत असेल तर त्या टूलवर डबल क्लिक करून शेवटचा वापरलेला स्टाइल घ्यायचा की टूलचा स्वतःचा, ते ठरवा. ॲफिनिटीमध्ये सुरू करताना कंट्रोल धरलं की काय काय पुसायचं त्याची यादी समोर येते, नीट वाचून टिक करा.

एक पॅन्टोनचं राहिलं. जुन्या फाइलमधले स्पॉट रंग (चार शायांऐवजी पॅन्टोनच्या ठरावीक नंबरच्या तयार शाईचे) अचानक काळे झालेत अशी तक्रार असेल तर तेही सेटिंग नाही, २०२२ मध्ये ॲडोबीच्या ॲपमधून बहुतेक पॅन्टोन लायब्ररी काढल्या गेल्या, आता त्यासाठी पॅन्टोनचं वेगळं लायसन्स लागतं. काहीही रिसेट करून ते परत येणार नाहीत.

आणि तुम्ही शोधाशोध करताना जर एखादी फाइल सीएमवायकेला कन्व्हर्ट करून सेव्ह केली असेल, बंद केली असेल, आणि आता परत आरजीबी केली असेल, तर तिच्यातले गेलेले भडक रंग कुठल्याच सेटिंगने परत मिळत नाहीत, छपाईच्या मापात न बसणारे रंग कन्व्हर्ट करतानाच कापले गेले. मूळ पीएसडी किंवा कॅमेऱ्याची रॉ फाइल असेल तर तिथूनच परत सुरू करा. क्लाउडवर ठेवत असाल तर व्हर्जन हिस्टरी बघा, तिथे कालची कॉपी बरेचदा सापडते.